चार लाख बेचाळीस हजार एक

वर्ध्याच्या माणसाला स्वतःचा रक्तगट आठवत नाही. लग्नाची तारीखही आठवत नाही, तिची आठवण त्याला वर्षातून एकदा करून दिली जाते आणि चांगलीच करून दिली जाते. पण ४४२००१ हा आकडा तो झोपेतही सांगतो. बँकेचा फॉर्म असो, गॅसचं पुस्तक असो, लेकीच्या कॉलेजचा अर्ज असो की ऑनलाइन मागवलेली चप्पल असो, शेवटच्या सहा चौकोनांत हा आकडा भरून भरून बोटांनाच पाठ झालेला असतो. एवढा जन्माचा संबंध, पण त्याला कोणी संख्या मानलेलं नाही. ‘चार लाख बेचाळीस हजार एक’ अशी पूर्ण नावाने हाक त्याला आजवर कोणी मारली नसेल. ‘चार-चार-दोन, शून्य-शून्य-एक’ असं म्हणून आपण त्याचे सुटे भाग मोजतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो.

हा अन्याय आहे. ज्या संख्येच्या भरवशावर आपली पत्रं, पार्सलं आणि पेन्शनचे कागद येतात, तिला किती अवयव आहेत, ती कोणाने भागली जाते, तिचा स्वभाव कसा आहे, याची चौकशी करायला नको? घरात भाडेकरू ठेवताना आपण त्याचं गोत्रसुद्धा विचारतो.

मुळात गावाला आकडा का लागला? तर नावं पुरली नाहीत म्हणून. आमच्या जिल्ह्यात आष्टी आहे, बीडमध्येही आष्टी आहे. आमचं कारंजा घाडग्यांचं, वाशीमचं कारंजा लाडांचं. सेलू आमच्याकडे एक आणि परभणीकडे दुसरं. मराठी माणसाने अटकेपार झेंडे लावले, पण गावाला नवीन नाव सुचवायची वेळ आली की त्याचा हात आखडतो.

या काटकसरीचा सगळ्यांत मोठा फटका साक्षात महात्मा गांधींना बसला. १९३६ च्या एप्रिलअखेर ते वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. तिकडे बुलढाण्याकडे गजानन महाराजांचं शेगाव, तेही रेल्वेलाइनवरचं. सेगाव आणि शेगाव यांतला फरक उच्चारताना जेमतेम कळतो, आणि पत्ता इंग्रजीत असला तर तोही कळत नाही. महात्म्याची पत्रं महाराजांच्या गावी उतरू लागली. शेवटी १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. एका माणसाचं टपाल नीट यावं म्हणून आख्ख्या गावाचं नाव बदललं गेलं, कारण तो माणूस गांधी होता. तुमच्या-माझ्या विजेच्या बिलासाठी कोणी गावाची पाटी बदलणार नाही. आपल्यासाठी सहा आकडे काढले.

हे सहा आकडे देशाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी मिळाले आणि ते काढणारा माणूस मराठी होता, ही गोष्ट मराठी माणसालाच फारशी ठाऊक नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि शिवाय संस्कृतचे कवी होते. आपल्याकडे सरकारी अधिकारी कविता करतो तेव्हा साधारणपणे दोन्हीकडचे लोक काळजीत पडतात. इथे मात्र दोन्हीकडचं काम चोख झालं. पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग कळतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ४४ म्हटलं की विदर्भ आला. ४४२ म्हणजे वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली यांचा सामायिक सातबारा. शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. त्यात आमचा नंबर ००१. चंद्रपूरला ४४२४०१ मिळाला, गडचिरोलीला ४४२६०५. पहिला नंबर आमचा, हे वर्धेकर बोलून दाखवत नाही, पण फॉर्म भरताना शेवटचा १ जरा दाबून लिहितो.

इथपर्यंतची माहिती टपाल खात्याची. पुढची खात्यालाही नाही.

आकडा दिसला की आपल्याकडे पहिली क्रिया ठरलेली असते, ती म्हणजे बेरीज. एमएच-३२ ची नवी गाडी आली की पेढे वाटण्याआधी नंबरची बेरीज होते. नऊ आली तर गाडी भाग्याची. आठ आली तर शनीची, मग बंपरखाली लिंबू-मिरची दुप्पट. मोबाइलचा नंबर घेतानाही दुकानदारासमोर उभं राहून बोटं मोजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या पद्धतीने ४४२००१ ची बेरीज ११, आणि ११ ची २. दोन म्हणजे चंद्र, चंद्र म्हणजे मन, म्हणून वर्ध्याचे लोक मनाने हळवे, असं एका अंकज्योतिषाने मला सांगितलं. हे त्याने बजाज चौकात, दोन ऑटोवाल्यांचं भांडण चालू असताना सांगितलं.

या बेरजेमागचं गुपित शाळेतल्या पोरालाही कळेल असं आहे. आकड्यांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेलं की हाती येते ती मूळ संख्येला ९ ने भागून उरलेली बाकी. (नऊ आले तर बाकी शून्य समजायची.) ४४२००१ ला ९ ने भागा, २ उरतात. बस. चंद्र नाही, मन नाही. ज्या आकड्यासाठी लोक आरटीओला जास्तीचे पैसे मोजतात, तो नवाच्या भागाकाराचा उरलासुरला भाग आहे. आता नवानेच का भागायचं? तेराने भागलं तर भविष्य बदलतं का? हे विचारल्यावर त्या गृहस्थांना अचानक नागपूरची गाडी पकडायची होती.

म्हणून ज्योतिष बाजूला ठेवलं आणि चहाच्या टपरीवर बसून, बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर ४४२००१ चे अवयव पाडायला घेतले. दोनाने जात नाही, शेवटी १ आहे. तिनाने जात नाही, बेरीज ११ आहे. पाचाचा प्रश्नच नाही. मग सात. सात सक बेचाळीस, उरले दोन. सात त्रिक एकवीस, उरला एक. सात एके सात, उरले तीन. सात चोक अठ्ठावीस, उरले दोन. सात त्रिक एकवीस. बाकी शून्य!

“भेटला!” मी ओरडलो.

“काय भेटलं भाऊ?” शेजारच्या बाकावरून प्रश्न आला.

“सात!”

“सात रुपये?”

“नाही, वर्ध्याच्या पिनकोडला सातने भाग जातो.”

त्याने माझ्याकडे, मग माझ्या चहाकडे आणि मग टपरीवाल्याकडे पाहिलं. “काय टाकून राह्यला बे चहात?” एवढंच तो म्हणाला.

सातने भागल्यावर उरले ६३१४३. हा फार टणक निघाला. ११, १३, १७, १९, २३ अशा एकेक मूळ संख्या घेऊन जा, प्रत्येक वेळी काहीतरी उरतंच. चिकाटी सोडली नाही तर २३३ वर तो एकदम फुटतो. २३३ गुणिले २७१. दोन्ही मूळ संख्या, म्हणजे आणखी न फुटणाऱ्या. थोडक्यात, वर्धा म्हणजे ७ × २३३ × २७१. पत्ता सांगताना एवढं सांगितलं तरी पुरे, पोहोचवणाऱ्याने गुणाकार करावा.

आता या तिघांची ओळख करून घ्या.

सात सगळ्यांत लहान, पण घराण्याचं नाव राखणारा. १ ला ७ ने भागा, ०.१४२८५७१४२८५७ असे सहा आकडे फिरून फिरून येतात. आता १४२८५७ चा वर्ग करा. तो येतो २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे पाडा, २०४०८ आणि १२२४४९. त्यांची बेरीज करा. पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. कापरेकर कोण, ते पुढे येतंच आहे.

२३३ हा कवी माणूस आहे. आपल्या छंदःशास्त्रात लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. बारा मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या रचनांनी भरता येईल? बरोबर २३३. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी हा हिशेब मांडला. १, २, ३, ५, ८, १३ अशी मागच्या दोघांची बेरीज करत जाणारी ती मालिका बाराव्या पायरीवर २३३ ला पोहोचते. युरोपात तीच मालिका पुढे फिबोनाचीच्या नावावर चढली. पिनकोड काढणारा संस्कृत कवी आणि वर्ध्याच्या पिनकोडात बसलेली छंदांची संख्या, हा योगायोग वेलणकरांना नक्की आवडला असता. २३३ मध्ये कवीचा दुसरा गुणही आहे. तो थांबत नाही. १ ला २३३ ने भागलं की दशांशचिन्हानंतर तब्बल २३२ आकडे येऊन गेल्यावर पुनरावृत्ती सुरू होते.

२७१ त्याच्या अगदी उलट, मितभाषी. १ भागिले २७१ म्हणजे ०.००३६९००३६९. पाच आकडे बोलायचे आणि तेच परत बोलायचे. कारण ४१ × २७१ = ११,१११. शिवाय दहाच्या घनातून नवाचा घन वजा केला तरी २७१ च येतात. वागणं सरळ, देणंघेणं रोख.

तिघांना एकत्र बसवून १ ला ४४२००१ ने भागायला सांगितलं तर ३,४८० आकडे उलटल्यावर पुनरावृत्ती होते. मी हा भागाकार केलेला नाही. हे ६, २३२ आणि ५ यांच्या लसाविवरून कळतं, आणि लसावि शाळेत कशासाठी शिकवला होता याचा उलगडा पन्नाशीनंतर होतो.

तीन वेगवेगळे मूळ अवयव असले की विभाजक होतात आठ. वर्धा जिल्ह्याचे तालुके किती? आठ! वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. आता १ + ७ + २३३ + २७१ करा. येतात ५१२. म्हणजे ८ × ८ × ८! ही बातमी मघाच्या अंकज्योतिषाला कळू देऊ नका. तो लगेच नवव्या तालुक्याची मागणी करणाऱ्यांना शांती करायला सांगेल.

इथवर सगळं कौतुकाचं होतं. पण विदर्भाच्या कुठल्याही हिशेबात शेवटी जे निघतं ते इथेही निघालंच. संख्येचे स्वतःला सोडून बाकीचे सगळे विभाजक मिळवायचे. बेरीज संख्येइतकी भरली तर ती पूर्ण संख्या, जास्त भरली तर विपुल, कमी भरली तर न्यून. आमचे सात विभाजक मिळून भरले ६७,१८३. तूट ३,७४,८१८. म्हणजे वर्धा न्यून! दांडेकर समितीने १९८४ मध्ये विदर्भाचा अनुशेष रस्ते, पाणी, वीज अशा रकान्यांत मोजला, पण पिनकोडाचा अनुशेष तिच्या नजरेतून सुटला. जखमेवर मीठ म्हणजे शेजारचं पुलगाव. त्याचा पिन ४४२३०२, म्हणजे २ × ३ × ७ × १०५३१. सहाने भाग जाणारी, सहाहून मोठी प्रत्येक संख्या विपुल असते, त्यामुळे पुलगाव विपुल. जिल्ह्याचं ठिकाण तुटीत आणि पुलगाव शिलकेत. यावर पुलगावकरांशी वाद घालू नये, गणित त्यांच्या बाजूने आहे.

घरी हे सांगितलं तेव्हा बायकोने वर्ध्याच्या तुटीबद्दल दुःख न करता वेगळाच मुद्दा काढला.

“अहो, आमच्या आर्वीचं काय निघते?”

आर्वी माझी सासुरवाडी. पिन ४४२२०१. मी कागद घेतला. दोन, तीन, पाच नाही. सात नाही. अकराने एक उरला. सदुसष्टनेही एकच उरला, तेव्हा उगीच आशा वाटली. ४४२२०१ चं वर्गमूळ ६६४ च्या पुढे, ६६५ च्या आत. त्यामुळे ६६१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणं भाग. अशा संख्या आहेत १२१. एकीनेही भाग गेला नाही. आर्वी मूळ संख्या आहे. एक आणि स्वतः यांच्याशिवाय कोणाचंच ऐकत नाही.

“मंग!” बायको म्हणाली. “आमच्या माहेरचा आकडा कोणाच्या बापाले फुटत नाही.”

हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं, फक्त सिद्धता आज मिळाली.

खरी गंमत पुढे आहे. सेवाग्रामचा पिन ४४२१०२. आर्वीचा ४४२२०१. नीट पाहा, आकडे तेच आहेत. शेवटच्या तिघांची बसायची जागा तेवढी उलटी झाली. २०१ उलटं वाचलं की १०२. उलटं वाचलं की रामाची कथा कृष्णाची होते असं विलोमकाव्य सोळाव्या शतकात सूर्य दैवज्ञाने रचलं, आणि त्यानेच भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीकाही लिहिली. त्याला हे उदाहरण दाखवायला हवं होतं. कारण उलटं केल्यावर आर्वीचा स्वभावच पालटतो. सेवाग्राम चटकन दोनाने भागलं जातं, मग सतराने, आणि उरतात १३००३. सेवाग्राम म्हणजे २ × १७ × १३००३. ज्या गावाने लोकांना सगळं वाटून घ्यायला शिकवलं, त्याची संख्या भागायला तयार. आर्वी मात्र तेच सहा आकडे घेऊन ताठ.

विनोबांचं पवनार ४४२१११, म्हणजे १९ × २३२६९. कापसाचं हिंगणघाट ४४२३०१, म्हणजे १९ × २३२७९. एकीकडे धाम नदीकाठचा आश्रम, दुसरीकडे जिनिंग आणि कापसाचा बाजार, आणि दोघांच्या पोटात तोच एकोणीस. भूदान मागणारा आणि भाव मागणारा एकाच पाढ्यात बसतात, हे समाजशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

आता कापरेकर.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले. नाशिकजवळच्या देवळालीत १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांशी खेळणं हा एकच नाद. आपल्याकडच्या प्रतिष्ठित गणितींनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तर जगाला कळले. अमेरिकेहून पावती आली की माणूस आपल्याकडे खरा होतो, ही रीत तेव्हाही होती.

कापरेकरांनी संख्यांचे निरनिराळे वर्ग पाडले. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने भागली जाते ती हर्षद संख्या. ४४२००१ ची बेरीज ११. अकराने भागलं तर १० उरतात. म्हणजे फक्त एकाने हुकलं! ४४२००२ असतं तर अकराने भाग गेला असता, पण मग बेरीजही १२ झाली असती आणि पुन्हा हुकलं असतं. हर्ष होणार तेवढ्यात निकष बदलणं, हा अनुभव इथल्या कापूस उत्पादकाला नवा नाही.

दुसरा वर्ग स्वयंभू संख्यांचा. एखाद्या संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. ४४१९७३ च्या आकड्यांची बेरीज २८. ती मिळवा, ४४२००१ हजर. म्हणजे वर्ध्याचा जनक सापडला. पवनारला तर दोन जनक आहेत, ४४२१०० आणि ४४२०९१. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू. मास्तरांनी आपल्या गावावरून तिला देवळाली संख्या असंही नाव दिलं. मी मोठ्या आशेने आमच्या देवळीचा ४४२१०१ तपासला. तिचाही जनक निघाला, ४४२०७७. देवळी ती देवळी, देवळाली ती देवळाली.

मास्तरांची सगळ्यांत गाजलेली करामत ६१७४. चारही आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि मग तेच येत राहतात. पिनकोड ज्या साली आला ते १९७२ घ्या. ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पूर्ण सात पायऱ्या, एकही कमी नाही. टपालाचं साल, ते सावकाशच पोहोचणार.

हीच क्रिया सहा आकडी ४४२००१ वर केली. ४४२१०० वजा ००१२४४ बरोबर ४४०८५६. मग ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि सातव्या पायरीला ४२०८७६. आता मुक्कामाची संख्या येईल म्हणून मी पुढे गेलो. ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६! सहा आकडी संख्यांना मुक्काम मिळेलच असं नाही, त्या चक्रातही अडकतात. सरकारी कचेरीत फाइल सात टेबलांवरून फिरून पुन्हा पहिल्या टेबलावर येते आणि पहिला बाबू तिच्याकडे नव्याने पाहतो, तसं हे सात संख्यांचं चक्र. वर्धा त्यात अडकतं, सेवाग्राम अडकतं, आर्वीही अडकते. सेवाग्राम आणि आर्वी चौथ्याच पायरीला आत शिरतात, वर्ध्याला सात लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी वेळ जास्त लागायचाच.

हे सगळं टपरीवर सांगून झालं तेव्हा मघाचा मित्र शांतपणे म्हणाला, “ते सारं बराबर आहे भाऊ. पण याचा फायदा काय?”

या प्रश्नावर गणिताची माणसं सहसा चिडतात. मी त्याला कागद दिला आणि २३३ ला २७१ ने गुणायला सांगितलं. कापसाचा हिशेब करणारा हात, बसल्या बसल्या गुणाकार झाला. म्हटलं, “आता उलटं कर. समज, तुला नुसते ६३१४३ दिले आणि सांगितलं की हे फोड.” तो थोडा वेळ कागदाकडे पाहत बसला. गुणायला सोपं, फोडायला अवघड, एवढ्याच भांडवलावर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेशाची आरएसए पद्धत उभी केली. इंटरनेटवरच्या व्यवहारांना कुलपं लावायला ती वर्षानुवर्षं वापरली गेली. तिथल्या संख्या सहा आकडी नसतात, सहाशेच्या वर आकडे असतात. भल्याभल्या संगणकांना त्यांचे अवयव पाडता येत नाहीत, म्हणून पैसे जाग्यावर राहतात.

“म्हणजे फुटला नाही तर फायदा,” तो म्हणाला. “मंग तुम्ही कायले फोडून राह्यले?”

टपरीवरच्या माणसाशी वाद जिंकायचा नसतो, चहाचे पैसे द्यायचे असतात.

तरी एक गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती फायद्यातोट्याची नाही. आठ विभाजक आणि आठ तालुके, कवीच्या पिनकोडात छंदांचे २३३, पवनार-हिंगणघाटचा एकोणीस, हे सगळे योगायोग आहेत. टपाल खात्याने नंबर वाटताना यांतलं काहीही योजलेलं नव्हतं. कुठलीही संख्या घेऊन चिकाटीने बसलात तर असे योगायोग ढिगाने निघतात. अंकज्योतिषी तिथे थांबतो आणि विचारतो, हा आकडा मला काय देईल? कापरेकर मास्तर विचारत, हा आकडा आहे तरी कसा? पहिल्या प्रश्नाला दक्षिणा लागते आणि उत्तर माणसागणिक बदलतं. दुसऱ्याला पाठकोरा कागद पुरतो आणि उत्तर वर्ध्यात निघालं ते वॉशिंग्टनातही तेच निघतं. योगायोग सोडून द्या, पण ४४२२०१ कशानेच फुटत नाही हे उद्याही खरं असेल, टपाल खातं राहो न राहो.

आणि खात्याचा भरवसा नाहीच. २०२५ मध्ये त्याने डिजिपिन आणला. दहा खुणांचा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला, चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला वेगळा. उद्या माझ्या स्वयंपाकघराचा नंबर एक आणि देवघराचा दुसरा असेल. पार्सल थेट ओट्यावर येईल, पण अक्षरांचे अवयव पडत नाहीत.

तोवर तुमच्या गावाचा पिन हातात आहे. सहा आकडी कोणतीही संख्या फोडायची तर हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं, आणि त्या आहेत फक्त १६८. दोनापासून सुरुवात करा, ९९७ वर थांबा. तेवढ्यातून तुमचं गाव सहीसलामत निघालं, तर आर्वीला कळवा. तिथल्या लोकांना वाटतं, त्यांच्यासारखे तेच.